पाणी जोखताना

हेलिकॉप्टरमधून तिघं उतरले.
दोन पेट्या, एक केसाळ माईक,
आणि लंडनहूनच लिहून आणलेलं वाक्य: समुद्र चढतोय.
मी दुभाषी. रोजाचे पैसे ठरलेले,
जेवण आपलं आपण.

याकुआराकनं त्यांना धक्क्यावर नेलं.
सत्तरीचा, स्वेटरला सीलच्या चरबीचा वास,
डाव्या हाताची दोन बोटं कुठल्याशा हिवाळ्याला देऊन बसलेला.
थोरला मुलगा झाला त्या सालापासून
तो खडकावर पट्टे मारतो,
होडी रंगवून उरलेल्या लाल रंगानं,
उधाणाचं पाणी पोचेल तिथं, दर साली एक.

"सगळ्यात जुना पट्टा सगळ्यात वर," तो म्हणाला.
मी इंग्रजीत सांगितलं.
इमोजेन म्हणाली, उलटं झालं वाटतं, पुन्हा विचार.
मी पुन्हा विचारलं.
त्यानं शेवाळ वाळून काळं पडलेल्या पट्ट्यावर
उरलेली तीन बोटं टेकवली,
मग पाण्याच्या रेषेवर.
मधे वीतभर कोरडा दगड.

इथं समुद्र उतरतो आहे.
गेल्या उन्हाळ्यात त्याची होडी
स्वतःच्याच धक्क्याशी तळाला लागली.

मग हिम मोजणारी थीरा पुढं झाली,
बुटाच्या टोकानं बर्फात पृथ्वी काढली.
एवढं वजन होतं या बर्फाचं
की समुद्राला तो स्वतःकडे ओढून धरायचा
आणि खालची जमीन दाबून ठेवायचा.
आता वितळतोय. पकड सुटते,
जाड पाहुणा उठल्यावर गादी फुगते तशी जमीन वर येते,
आणि सुटलेलं पाणी जातं लांब,
पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, कुणाच्या तरी उंबऱ्यावर.

गुरुत्वाकर्षणाला मला ऐनवेळी शब्द सापडेना.
मी याकुआराकला म्हटलं: ओढ.
तो लगेच म्हणाला,
हां. थोरलं माणूस गेलं की घरातली ये-जा कमी होते, तसं.

"अकरा मिनिटं झाली," इमोजेन म्हणाली,
"एका वाक्यात सांगाल?"
थीरानं नाक पुसलं.
"एका वाक्यात ते खोटं होतं."

दुपारी ते हिमनदीच्या तोंडाशी चार तास बसले,
कडा कोसळायची वाट बघत.
कोसळला,
तेव्हा पोरगा बॅटरी बदलत होता.

ऑक्टोबरात दुकानातल्या टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी पाहिलं.
चाळीस सेकंद. भलत्याच खाडीतला कडा पडतो,
मग याकुआराकचे ओठ हलतात
आणि त्यावर कुणा नटाचा जाड आवाज:
समुद्र आमची घरं गिळतोय.
दुकानातली बाई हसली. तो हसला नाही.

पंधरवड्यानं दुसऱ्या वाहिनीला पट्टे सापडले.
टाय लावलेला माणूस टेबलावर हात आपटून म्हणत होता,
बघा, उतरतोय! शास्त्रज्ञांचं पाणी कुठं मुरतंय बघा!
खडक तोच. पट्टे तेच.
मला तीन फोन आले, भाषांतर बरोबर होतं का म्हणून.
शब्दन्‌शब्द, मी म्हटलं.
पुढचं विचारायला कुणी थांबलं नाही.

याकुआराकनं मात्र विचारलं.
नकाशा घेऊन घरी आला, चहा न पिता बसला.
जातं कुठं नक्की?
मी खूप खाली बोट ठेवलं, निळ्याच्या मधोमध,
ठिपके इतके बारीक की माझ्या नखाखाली चार बेटं झाकली गेली.
बोट काढ, तो म्हणाला.
बराच वेळ बघत राहिला.

तिथं कुणी पट्टे मारत असेल
तर त्याचा जुना पट्टा पाण्याखाली गेला असेल.
दिसत नसेल त्याला.

जाताना रंगाचा अर्धा डबा ठेवून गेला.
पाठव, म्हणाला. माझे पट्टे आता थोडेच उरलेत.

पोस्टात विचारून आले.
पेटणारा माल विमानानं जात नाही,
आणि पत्त्यावर नाव लागतं.
डबा माझ्या खिडकीत आहे,
झाकणावर तीन बोटांचे लाल ठसे.