थांबा चौथा

धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात.
पाहुण्यांना त्याचं नवल, म्हणून बाविस्करकाका तिथूनच सुरुवात करतात,
महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सातला,
ऊन डोक्यावर यायच्या आत.
आज अकरा जण. दोघं नंतरच्या शेवभाजीसाठी आलेत,
त्यांनीच सांगून टाकलं.
मी पाण्याच्या बाटल्या सांभाळते, आणि वीस-वीस रुपये.

पहिला थांबा छापखाना. आता तिथे मोबाईलची कव्हरं.
पंचाहत्तरच्या पावसाळ्यात काका इथे खिळे जुळवायचे.
कचेरीतून साहेब यायचा,
तांबड्या पेन्सिलीने अग्रलेख खोडायचा, सहीसकट.
"मग आम्ही कोरी चौकट सोडली.
पण कोरी जागा आपोआप राहत नाही, बरं का.
तिला शिशाचे ठोकळे लागतात, अक्षरांपेक्षा बुटके,
शाई पोचणार नाही इतके."
काका चिमटीने उंची दाखवतात. चिमटीत काही नसतं.
पुढच्या आठवड्यात कोरी जागाही मना झाली,
तिथे लिंबाच्या लोणच्याची कृती छापली.
लोक हसतात. दर वेळी इथे हसतात.

दुसरा थांबा तुरुंगाची भिंत.
यमुनाबाई सोनजे एकोणीस महिने डबा घेऊन यायच्या.
शिपाई भाकरीत सळई खुपसायचा, चिठ्ठी असेल म्हणून.
चिठ्ठी कधीच नव्हती.
घरी बरं असलं की भरतात मीठ बेताचं,
नसलं की खारट.
आतला माणूस पहिल्या घासाला थांबायचा.

तिसऱ्या थांब्याला बघण्यासारखं काही नाही. चौक.
"आठे काहीच नई व्हयनं," काका म्हणतात,
आणि तिथेच सगळ्यांत जास्त वेळ उभे राहतात.
एस.टी. वेळेवर सुटायची. दूधवाला वेळेवर.
लोक म्हणायचे, बघा, शिस्त आली.
मी पण म्हटलं होतं, काका म्हणतात, दोनदा तरी.

चौथा थांबा शाळा. आता क्लास, फाटकावर गुणवंतांचे फोटो.
इथे शिबिर होतं. काका दर वेळी एवढंच सांगतात,
तारीख, डॉक्टर किती, टेबलं किती,
मग माझ्याकडे न बघता पुढे निघतात.
आज निघाले नाहीत.
"तू सांग. मना गया बसना."
त्याच गळ्याने त्यांनी आत्ताच रस्त्यापलीकडे
बारा कटिंग ओरडून सांगितले होते.

मी बाटल्या खाली ठेवल्या.

वहीचं काम देवरे गुरुजींकडे होतं, म्हणाले.
अक्षर सुंदर, म्हणून.
तीन महिने पगार अडला होता.
चार केसेस आणा, मग पगार.
तीन मिळाल्या. तिघांना चार-चार पोरं होती,
गुरुजी ते पुन्हापुन्हा सांगायचे, शेवटपर्यंत, दवाखान्यातसुद्धा.
चौथा रज्जाक पिंजारी.
आमच्या ओट्यावर गादी पिंजायला बसला होता,
धनुकलीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत.
वय वीस. लग्न ठरलेलं.
वहीत गुरुजींनी लिहिलं: वय चौतीस, अपत्ये तीन.
अपत्यांना नावंही दिली.
मी तेव्हा सात वर्षांची, शाईची दौत मीच धरली होती,
नावं सुचवा म्हणाले, तर मी माझ्या मैत्रिणींची सांगितली.

कोणी हसलं नाही. कोणी काही विचारलंही नाही.
शेवभाजीवाल्यांतला एक चपलेचा अंगठा नीट करत राहिला.
"गुरुजी तुमचे कोण?" एका पोरीने शेवटी विचारलं,
आणि मी सांगितलं.

पगार सुटला होता. गादी अर्धीच पिंजलेली,
उरलेला कापूस आईने हाताने मोकळा करून भरला.
त्या बाजूला अजून गाठी लागतात.
मी तिथेच झोपते.

चहा आला. बारा कप, गार होत चाललेले.
काका म्हणाले, "चला," पण पाऊल उचललं नाही,
आणि पाचवा थांबा कुठला
ते आज कुणालाच आठवेना.