निरीक्षित तास

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराने विचारलं,
मॅट करू का ग्लॉसी?
बाबा म्हणाले, चकचकीत करा.
माझं एकशे वीस तासांचं सर्टिफिकेट
गरम रुळांमधून बाहेर आलं
तळलेल्या पापडासारखं ताठ,
आता चहा सांडला तरी भीती नाही.

शिवाजीनगर कोर्टासमोर, छत्रीखाली,
नोटरी ढमढेऱ्यांनी ते नखाने वाजवून पाहिलं.
"बाई, यावर शिक्का कसा बसणार?
शाईच धरत नाही. परदेशाचं काम म्हणजे
नुसता कागद लागतो, उघडा."
बाबा चष्मा पुसत राहिले,
काच स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ.

मुलाखत तरी होऊ दे म्हटलं.
हनोईत साडेबारा, आमच्याकडे अकरा.
मिस लिन्ह हसऱ्या होत्या, मागे काचेत झाडं.
सर्टिफिकेट ऑनलाइनच ना?
हो.
मग निरीक्षित अध्यापन किती तास?
म्हणजे कुणीतरी मागे बसून
तुम्हाला शिकवताना पाहिलंय, असे तास.
शून्य.
निदान सहा हवेत, त्या म्हणाल्या, अगदी मायेने.

सहा.
मी मनात गुणाकार मांडला:
भवानी पेठेतली रात्रशाळा, चौदा वर्षं,
आठवड्याला पाच दिवस, रोज दोन तास,
वजा दिवाळी, वजा वीज गेलेल्या रात्री,
हातचा कुठे धरायचा तेच विसरले
आणि पडद्यावर त्यांचा चेहरा गोठला
तोंड अर्धवट उघडं, नेमका 'बट' म्हणताना.

आणखी एक रकाना होता. नेटिव्ह आहात का?
माझे खापरपणजोबा कॅम्पात
कुणा कर्नलच्या बागेत माळी होते.
पगाराच्या वहीत नावाची गरजच नव्हती,
नेटिव्ह, एक, रुपये चार.
तेव्हा तो शब्द आमचा होता, नको असताना.
कधी उठून पलीकडे जाऊन बसला
कळलंही नाही.
मी 'नाही'वर टिचकी मारली.

ते सहा तास कोरेगाव पार्कात मिळतात म्हणे.
चार आठवडे, एक लाख साठ हजार,
शेवटच्या बाकावर वही घेऊन बसणारा गोरा परीक्षक
फीमध्येच धरलेला.

त्या रात्री वर्गात मी पहिल्यांदाच
मागे कोण बसतं ते नीट पाहिलं.
शिपाई कोंढाळकर, दाराला टेकून, रोजचेच;
त्यांना आता तिन्ही काळ येतात, बोलत मात्र नाहीत.
झरोक्यात दोन कबुतरं.
सुलभा केदारीची सासू,
सून खरंच शाळेतच जाते ना, हे बघायला आलेली
ती आठव्या महिन्यापासून पाटी घेऊनच येते.
आणि मुबारक तांबोळी, गॅरेजमधून थेट,
डोळे उघडे ठेवून झोपणारा,
हजेरीला झोपेतच 'यस मिस'.

आय हॅव बीन टीचिंग. फळ्यावर लिहिलं.
मागे सुरू झालं, अजून चालू आहे,
संपेल केव्हा ते वाक्याला ठाऊक नाही.
सुलभा म्हणाली, हे आपल्याकडे सोपंय बाई,
'शिकवतेय' म्हटलं की झालं.
झालं, मी म्हटलं.

फळा भरला होता. डस्टर सापडेना.
पिशवीत हात घातला तर ते लागलं,
ताठ, गुळगुळीत, पाठ कोरी.
मार्करने लिहून पाहिलं. उमटलं.
ओढणीने पुसलं. गेलं.
मग बाकांवरून ते फिरू लागलं,
पुढे गोल मोहोर, सोनेरी कडा,
मागे ज्याचं त्याचं वाक्य.

मुबारककडून सर्वांत शेवटी परत आलं.
आय हॅव बीन स्लीपिंग, मिस.
एक पी कमी होता.
मी पुसलं नाही.
दोन अक्षरांच्या फटीत, अंग चोरून,
तेवढा एक पी बसवला
आणि ते कोंढाळकरांकडे दिलं,
त्यांनी बऱ्याच वेळापासून हात पुढे केला होता.