अर्धी मात्रा

महिनाभर एकच पुस्तक वाचतोय, भरती-ओहोटीवरचं,
ग्रिम्सबीच्या वाचनालयाचं. आधीच्या कुणीतरी
पान चौसष्टवर पेन्सिलीनं लिहिलंय : साफ खोटं.

रात्री जुना माहितीपट, आवाज बंद करून.
भिंतीपलीकडे मिसेस डॅनट झोपलेल्या.
हेरिंगची पोटं चिरणाऱ्या बायका,
बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.
सुरीची लय मोजत बसलो.
सात म्हणावं, तर अर्धी मात्रा उरते.

व्हायोलासाठी अकरा ओळी लिहिल्या, नऊ खोडल्या.
उरलेल्या दोन वाजवल्या,
अगदी हळू.

सकाळी कचऱ्याचा डबा ओढता ओढता त्या म्हणाल्या,
"घाई करतोस रे.
मासा हातातून निसटतो ना,
तेवढं थांबायचं."

मी तर त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

पुस्तकाची मुदत कालच संपली.