काळा पाव, चपटा मासा

नोव्हेंबरात सारेमा बेटावर
उजेड साडेतीनलाच घरी जातो,
म्हणून सकाळची भांडी तशीच टाकून
मी ईझल लावते चुलीशेजारी.
टेबलावर धुरी दिलेला चपटा मासा,
दोन कांदे, शेपूची जुडी,
टवके उडालेला एनॅमलचा जग, पाण्यानं निम्मा,
आणि लेइडाच्या बेकरीतला काळा पाव, अख्खा.

"खायचा की रंगवायचा?" पाव देताना तिनं विचारलं.
"आधी रंगवायचा."
पैसे घेतले नाहीत तिनं.
आर्वोची चौकशीही केली नाही.
गावात सगळ्यांना ठाऊक आहे,
सप्टेंबरपासून त्याच्या पोटात
पेजेखेरीज काही ठरत नाही.

दोन दिवस मासा सोनेरी होता.
तिसऱ्या दिवशी कातडी सुरकुतली.
चौथ्या दिवशी मांजरीनं टेबलाखाली ठिय्या दिला.
पाचव्या दिवशी मी तो तिलाच देऊन टाकला
आणि राहिलेला मासा आठवणीतून काढला.
आठवणीतल्या माशाला वास येत नाही,
पण डोळा काही केल्या जमत नाही.

घरभर जवसाच्या तेलाचा वास.
आतल्या खोलीतून आर्वो विचारायचा,
"काय तळतेस गं?"
"कांदा," मी म्हणायचे.
अगदीच खोटं नव्हतं ते.
कांदाच करत होते,
सालीवर साल, पातळ हातानं.

नवव्या दिवशी सकाळी पाहते तर
पावाला हे एवढं खिंडार.
सुरीनं कापलेलं नाही, हातानं तोडलेलं,
नखांच्या खुणांसकट.
लाकूड झाला होता वाळून तो पाव.
जगात थोडं पाणी उरलं होतं,
त्यात तुकडे तरंगत होते.
चुऱ्याची वाट खोलीच्या उंबऱ्यापर्यंत.
आत आर्वो उताणा, घोरत,
दाढीत काळे कण.

कॅनव्हासवरचा पाव मात्र अख्खा,
चार दिवसांची मेहनत,
कवचावरची ती चमक
मला स्वतःलाच खरी वाटायची.
पातं घेतलं आणि खरवडून काढला
पार कापडापर्यंत.
मग ते खिंडार रंगवलं.
आतला ओलसर अंधार.
मग चुरा, सगळ्यात बारीक ब्रशनं,
एकेक कण,
सव्वातीनपर्यंत.

संध्याकाळी लेइडा आली,
पदराशी नवा पाव, फडक्यात गुंडाळलेला, गरम.
चित्रासमोर उभी राहिली कितीतरी वेळ.
"उंदीर झालेत का घरात?"
"हो," मी म्हटलं, "एक. मोठा."
ती हसायला लागली, मग डोळे पुसले तिनं,
आणि सुरी कुठे आहे विचारलं.

माशाचा डोळा अजून चुकलेलाच आहे.