डुगडुगणाऱ्या स्टुलाबद्दल

आहेर, आधी ती करवत खाली ठेव.
एक पाय लांब आहे हे तुला कुणी सांगितलं?
डुगडुगणारं स्टूल खरं बोलत नाही.
ज्या पायाचा संशय येतो
तो बहुधा निर्दोष असतो.

पहिलं बघ, जमीन सरळ आहे का.
सिडकोतल्या फरश्या या, बिल्डरने दिल्या तशा.
स्टूल ने आणि कडप्प्याच्या ओट्यावर ठेव
(घरी विचारून. पीठ पुसून).
ज्या पायाखाली फट दिसेल तिथे पत्ते सरकव,
चौकटची दुर्री, मग तिर्री,
हलायचं थांबेल इतके.
मग लाकडाचा एक ठोकळा घे,
त्यावर पेन्सिल आडवी धर
आणि चारही पायांना, सगळ्या अंगांनी,
तीच एक रेघ फिरवून आण.
आता काप. चारही.
एकट्याला नको.

आपण जमतो इथे, पार्किंगमध्ये,
सात नंबरचा खांब आणि बोरस्त्यांची बंद पडलेली मारुती
यांच्या मधल्या जागेत.
सुतार म्हणवून घ्यायची कुणाची टाप नाही.
भद्रकालीतल्या खऱ्या सुताराला
रंध्याच्या आवाजावरून कळतं, पातं बोथटलंय.
आपल्याला घाम फुटल्यावर कळतं.
तरी थोडं हाताला लागलंय, ते घेऊन जा.

कोठुळे अंबडच्या भंगारातून पॅलेट आणतात.
शिक्का बघायचा. एचटी असेल तर उचल,
एमबी असेल तर औषध मारलेलं,
ते शेकोटीलाही नको, थंडी कितीही असो.
फळीवरून जुन्या स्पीकरचं चुंबक फिरव;
आत एक तुटका खिळा राहिला
की रंध्याच्या पात्याला खांड पडलीच.
स्क्रूआधी भोक. स्क्रूला साबण.

गायधनी सर म्हणतात, टेपने दोनदा मोजा.
सर गणिताचे आहेत, त्यांना शोभतं.
मी म्हणतो टेप नकोच;
कपाट बसायचंय तिथे काठी धर,
काठीवरच खूण कर.
आकडा डोक्यातून नेताना
जिन्यात बदलतो.

रेश्मा शेख दातांच्या दवाखान्यात असते.
डॉक्टरांनी टाकलेली आकडी तिने आणली,
कोपऱ्यातला फेविकॉल अर्धवट सुकला
की खरवडायला तिच्यासारखं हत्यार नाही.
ओला असताना पुसशील तर मुरेल,
आणि पॉलिशनंतर डाग होऊन वर येईल,
नेमका पाहुण्यांच्या बाजूला.

आणि साग असो की आंबा,
फळीला हंगाम कळतो.
डिसेंबरात निफाडकडून वारं सुटलं की आकसते,
श्रावणात फुगते.
घट्ट बसवलेल्या खणाचं कौतुक चार महिने.
पोस्टकार्ड जाईल एवढी फट सोड.

मी एकतीस वर्षं प्रेसमध्ये होतो, नाशिकरोडला.
छपाई केसभर सरकली तरी कागद बाजूला.
म्हणून पहिलं स्टूल करायला घेतलं तेव्हा
वाटलं, हे काय मोठं.
एक पाय लांब होता. कापला.
मग दुसरा लांब निघाला.
मग पहिलाच पुन्हा.
रात्री साडेअकराला
स्टुलाचा पाट झाला होता.

घरात सांगितलं, पाटच करायचा होता.
सहा वर्षं जेवलो त्यावर.
जरा उंच आहे, पण गुडघ्यांना बरा,
असं आलेगेले म्हणत राहिले.

मागच्या दिवाळीत रेश्माने तो सहज उचलला
आणि उलटा केला.
चार खुंट.
प्रत्येकावर पेन्सिलची एक रेघ,
कापायची राहिलेली.
ती काही बोलली नाही.
खुंटावरून अंगठा फिरवला, म्हणाली,
काका, खालूनही पॉलिश पेपर मारायचा ना.

म्हणून म्हणतो, ठेव ती करवत.
पत्ते माझ्याकडे आहेत.
बावन्न नाहीत, एक्केचाळीस.
बाकीचे कुणाकुणाच्या स्टुलांखाली गेले
ते तिकडेच राहिले.