वाकडी मिशी

बावीस वर्षं मी मुखरू नन्नावरेच्या तोंडाला रंग लावला.
हनुवटीवरचा कांजण्यांचा व्रण,
डाव्या भुवईतली केस न उगवणारी फट,
आणि हसला की दिसणाऱ्या हिरड्या,
दातांपासून सुटलेल्या,
वांग्याच्या सालीच्या रंगाच्या.

रंग चढवण्याआधी तो पेल्यात चूळ टाकायचा.
पाणी लाल.
"खर्रा हाय बे," म्हणायचा.
खर्र्याची थुंकी विटकरी असते.
हे लाल वेगळं होतं, आणि लाल मला कळतं,
माझा धंदाच तो.
तरी मी "हो" म्हणालो
आणि पेला पडद्यामागं ओतला.

पुढचा दात हलायला लागला
तेव्हा 'स'मधून वारा जायचा.
लेखकाला सांगून आम्ही संवादातली 'सजा' काढली,
'फाशी' घातली.
टाळ्या वाढल्या.
"दवाखान्यात दाखव ना एकदा."
"सीजन जाऊ दे. दातानं कोनी मरत नाई."

शंकरपटाची रात्र. कुरखेड्याकडचं गाव.
धान निघालेल्या बांधीत खणलेला स्टेज,
चादरी पांघरून बसलेली हजार माणसं.
दुसऱ्या अंकानंतर मुखरू आत आला,
मिशी उजवीकडून उतरलेली.
गोंद लावला, दाबून धरली, दहा मोजले.
परत उतरली.
वडशाच्या दुकानदाराला शिवी दिली,
गोंद जुना देतो मेला.
तिसऱ्यांदा दाबताना कळलं,
मिशी ओठाला घट्ट होती.
ओठच उतरला होता.

घंटा झाली. तो गेला.
मी हात धरायला हवा होता.
माझ्या बोटांना गोंद होता.

पाटलाचा बेत तो बोलला
भिजलेल्या पोह्यासारखा, लगदा लगदा,
आणि पब्लिकला वाटलं दारू प्यायलाय,
शिट्ट्या पडल्या.
उजव्या हातातली काठी गळाली.
उचलायला वाकला तो वर आलाच नाही.
ऑर्गनवाला अजून वाजवत होता.

ब्रह्मपुरीला पोचलो तर झुंजूमुंजू.
येरणेबाईंनी टॉर्च मारला डोळ्यांत,
मग तोंडात. तोंडात जरा जास्त वेळ.
"हिरड्या कधीपासून अशा?"
मी बोटं मोजत बसलो.
त्या म्हणाल्या, ह्यानंच झालं असं नाही म्हणत मी,
बीपी आहे, खर्रा आहे.
पण हिरडीतली सूज वर्षानुवर्षं राहिली
तर तोंडापुरती राहत नाही,
रक्ताच्या वाटेनं हिंडते, नळ्या आतून खराब करते.
अशा हिरड्यांच्या माणसांना झटका जास्त येतो,
एवढं दिसलंय.
माझ्या डोळ्यांपुढं पेला.
किती पेले.

आता मी प्रत्येकाला आधी म्हणतो, "आ कर."
नागपूरची हिरोईन हसते.
व्हिलन चिडतो, "तू डाक्टर होय का बे?"
नाही.
पण शंभरचा बल्ब माझ्याजवळ आहे
आणि तोंड माझ्यासमोर.

रविवारी मुखरूची दाढी करायला जातो.
उजव्या गालावर वस्तरा जपून, गाल साथ देत नाही.
'फाशी' त्याला अजून म्हणता येत नाही.
दाढी झाली की तो डाव्या हातानं ब्रश घेतो,
उशीर लावतो, अर्धा फेस सदऱ्यावर,
चूळ टाकतो
आणि पेला माझ्यापुढं धरतो, परीक्षेसारखा.
मी दारात जाऊन उजेडात बघतो.
गुलाबी आहे अजून.
लाल नाही.