पाकिटावर फोटो नाही

गोळीबार चौकातून आत वळलं की तिसरा बोळ.
मला पत्ता विचारावा लागला नाही,
एकतीस वर्षं मी या बोळांतली मीटरं वाचली आहेत.
पराते. मीटर जिन्याखाली, काच फुटलेली.
हातमाग होता, वीज फक्त दिव्याची.
माग थांबल्यावर तीही नाही.

आता दारावर हातानं रंगवलेली पाटी:
पराते बियाणे कंपनी.
कंपनी म्हणजे देवकाबाई, तिचा न बोलणारा भाऊ किसन,
आणि सोनाराकडून जुना घेतलेला तराजू.

मागाचा खड्डा त्यांनी बुजवला नाही.
जिथं बाप पाय सोडून पावड्या दाबायचा
तिथं मडकी आहेत, बियांवर राखेचा थर.
वर मे महिना, शेहेचाळीस अंश,
कूलर नुसता खडखडतो.
खड्ड्यात हात घातला की वाटतं
कोणीतरी आत पाणी भरून गेलंय.

मी यादी काढली. भेदरं, सांबार,
भिवापुरी मिरची, काटेरी वांगं, वाल, अंबाडी, दोडका.
"एवढं सगळं एका गच्चीत?
गावजेवण घालून राहिले का?"

पाकिटं न विकल्या लुगड्यांच्या काठांची, शिवलेली.
बाजारातल्या पाकिटावर वांगं कसं
नवरदेवासारखं तुकतुकीत असतं.
इथं पेन्सिलीनं एक ओळ:
यशोदा मेश्राम, पाचगाव. दहात सात.

"फोटो काहून नाही?"
"वांगं अजून झालंच नाही, फोटो कुठून आणू?"
"आन् दहात सात?"
"ओल्या फडक्यात दहा ठेवले. सात उगवले."
"बाकीचे तीन?"
"ते नाही उगवले."

इतका सरळ आकडा
मी नोकरीत पाहिला नव्हता.

तीस रुपये, आणि हंगाम संपला की मूठभर बी परत.
मूठ कोणाची, मी विचारलं.
किसननं आपली उघडून दाखवली, मग मिटली.
लहान आहे त्याची मूठ.

वंजारी नगरात, पाण्याच्या टाकीजवळ माझी गच्ची.
रंगाचे डबे, फुटका टब, कूलरचा गंजका तळ.
भेदरं माकडांनी नेलं.
सांबार दोनदा पेरलं, दोनदा पावसानं झोपवलं.
वाल शेजाऱ्याच्या अँटेनावर चढला, शेंगा त्यानं खाल्ल्या,
वरून म्हणाला, जरा निबर होत्या.
वांगी मात्र लागली.
त्यातलं एक मी तोडू दिलं नाही.
बायको रोज विचारायची, काढू का?
ते पिवळं पडलं, मग मातकट,
मग घरातल्या म्हाताऱ्या पाहुण्यासारखं
त्याच्याकडं कोणी बघेना.

कार्तिकात चिरलं. बी पाण्यात टाकलं.
तरंगलं ते ओतलं, बुडालं ते ठेवलं.
जुन्या बिलांच्या कोऱ्या पाठीवर सावलीत वाळवलं.
नंतर दहा दाणे, ओलं फडकं.
चौथ्या दिवशी काही नाही. सातव्या दिवशी दोन.
बाराव्या दिवशी सहा, आणि तिथंच थांबलं.

देवकाबाईनं पेन्सिल पुढं केली. "लिहा."
वामन घोडमारे, वंजारी नगर, गच्ची.
आता आकडा.
आठ लिहिला असता तर कोण फडकं उघडून बघणार होतं?

या बोळातल्या बाया मला पाहून ओरडायच्या,
आला आकडा वाढवणारा.
मी कधी वाढवला नाही.
एकदा वाढवला. मार्च अखेर होती, साहेबांनी यादी दिली होती,
यादीत जिन्याखालचं एक मीटर होतं,
काच फुटलेलं.
तिचा बाप बिल भरायला स्वतः आला होता,
सुट्टे पैसे मोजून, काही न विचारता.

तिला हे ठाऊक आहे की नाही,
मला ठाऊक नाही.

मी लिहिलं, दहात सहा.
तिनं पाकीट डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.
"सहा?"
"सहा."
किसननं मूठ भरून मोजून घेतली
आणि पाकीट खड्ड्यात उतरवलं,
मेश्रामांच्या शेजारी.